मदत हवी आहे: लोकर कमी पडली आणि नवीन लोकर धुतल्यावर सैल होतेय!

विणकामवाल्या मैत्रिणींनो, जरा अडकलेय. सुयांवर सध्या दोन स्वेटर आहेत (तिसरा पिशवीत आहे, त्याबद्दल विचारू नका). पहिला भाच्याचा, राखाडी लोकरीचा, पाठ-पोट झालं, एक बाही झाली आणि दुसऱ्या बाहीच्या कोपरापाशी लोकर संपत आली. दुकानात तोच रंग, तोच नंबर मिळाला पण डाय लॉट (एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीचा गट) वेगळा, घरी ट्यूबलाइटखाली सेम वाटला आणि सकाळी गॅलरीत बघते तर चक्क निळसर! आता रंगातला फरक लपवायला दोन ओळी जुन्या, दोन ओळी नव्या असं विणतात ते माहितीये, पण जुन्या लोकरीचा जेमतेम अर्धा गुंडा उरलाय. मग दोन्ही बाह्या उसवून दोन्हीकडे तसंच करू, का नुसत्या मनगटाच्या पट्ट्या गडद रंगाच्या करून मुद्दाम केलंय असं दाखवू?

दुसरा माझा स्वतःचा, नव्या मेरिनो लोकरीचा, ती मशीनमध्ये धुता येणारी सुपरवॉश. इतकी मऊ आहे की हातातून ठेववत नाही. ४ एमएमच्या सुईवर नमुन्याच्या तुकड्यात १० सेंमीत २२ टाके आले, धुवून वाळवला तर २०! म्हणजे १०० सेंमी छातीसाठी २२० टाके घातले तर धुतल्यावर ११० सेंमीचा झगा होणार. सुई ३.७५ची घेऊ का टाकेच कमी करू? आणि लांबीचं काय करता, तीही वाढते ना? कुणी ही लोकर धुवून वापरलीय का, प्लीज सांगा, थंडी संपायच्या आत घालायचाय.