हातात मावणारा पीसी : कुठला गेम, कुठली सेटिंग?

मावळतीकर (धागाकर्ता)

व्हॉल्वचा स्टीम डेक घेऊ की असूसचा रॉग ॲलाय (दोन्ही हातात धरून पीसीचे गेम खेळायची मशीनं), की अजून थांबू, यावर इथे चर्चा नको. ती कधी संपत नाही. मशीन हातात आल्यावर पुढे काय केलंत ते लिहा. कुठला गेम, काय बदललं, काय सोडून दिलं, आणि कशासाठी. आकडे असतील तर उत्तम. "मस्त चालतो" एवढंच लिहिलंत तर पुढच्याला काही उपयोग नाही.

सुरुवात मीच करतो. माझ्याकडे पहिला, एलसीडी पडद्याचा डेक आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये आला तो. पडदा ६० हर्ट्झचा (सेकंदाला साठदा चित्र बदलणारा) म्हणून ६० एफपीएसच, म्हणजे गेमच्या सेकंदाला ६० फ्रेम, हवेत हा हट्ट सोडल्यावर मला हे मशीन खरं आवडायला लागलं. उजवीकडच्या तीन टिंबांच्या बटणाखाली पडद्याचा रिफ्रेश रेट ४० वर आणता येतो, तिथे आणून ठेवला. गणित साधं आहे. ३० एफपीएसला एक फ्रेम ३३.३ मिलिसेकंद दिसते, ६० ला १६.७. या दोन्हींच्या बरोबर मध्ये २५ मिलिसेकंद येतात, म्हणजेच ४० एफपीएस. आकडा तीसच्या जवळचा वाटतो, पण हाताला तो अर्ध्या वाटेवर लागतो.

विचर ३ असाच खेळतो. डायरेक्टएक्स (विंडोजची ग्राफिक्सची यंत्रणा) १२ ऐवजी ११, रे ट्रेसिंग (प्रकाशाचं जड गणित) बंद, हेअरवर्क्स (केसांचे बारकावे) बंद, झाडी मध्यम. नायक जेराल्टचे केस सात इंचांवर कोण मोजतंय?

बॅटरी ४० वॅट-अवरची. पडद्याच्या कोपऱ्यात विजेचा एकूण खर्च २० वॅट दिसला तर दोन तास, १० दिसला तर चार. सेटिंग बदलताना मी फक्त हा आकडा बघतो. सावल्या 'हाय'वरून 'मीडियम'वर आणून जर तीन वॅट वाचत असतील तर त्या सावल्या गेल्या तरी चालतील.

ऑरेंजसिटीवाला

भाऊ, तुमचं ४० एफपीएस ठीक आहे, पण मे महिन्यात नागपूरला येऊन खेळून दाखवा.

२०२२ च्या जुलैत युरोपात उष्णतेची लाट आली तेव्हा व्हॉल्वने सांगितलं होतं की डेक ० ते ३५ अंशांत सगळ्यात चांगला चालतो. ३५ तर आमच्याकडे रात्री जेवण झाल्यावर असतं! चिप १०० अंशांपर्यंत चालते, तिथून वेग कमी करते आणि १०५ ला स्वतःच बंद होते, हेही त्यांनीच सांगितलेलं. म्हणून आमच्याकडे उन्हाळ्याचे गेम वेगळे आणि हिवाळ्याचे वेगळे. एप्रिल ते जून हेडीस, स्टारड्यू व्हॅली असले हलके. टीडीपीची (चिपला किती वीज द्यायची त्याची) मर्यादा १५ वॅटवरून ८ वर, आणि 'गेमनुसार प्रोफाइल' चालू, म्हणजे बाकीच्या गेमना हा आकडा लागत नाही.

चार्जिंगला लावून खेळणं उन्हाळाभर बंद. चार्जिंगची उष्णता वेगळी आणि गेमची वेगळी, दोन्ही एकाच डब्यात कशाला? आणि कूलरच्या अगदी तोंडासमोर बसू नका. पंखा मागच्या बाजूने हवा आत ओढतो, कूलरचा तो ओला वारा थेट आत जातो. मी बाजूला बसून राहतो, वारा अंगाला लागला म्हणजे झालं. सायबरपंक? तो दिवाळीनंतर. त्यात डेकसाठी तयार प्रीसेट दिलेला आहे, तो लावून हात न लावता खेळतो.

अर्धीझोप

माझा अनुभव सेटिंगचा कमी आणि पॉवर बटणाचा जास्त आहे. मुलगी दीड वर्षाची. ती कधी उठेल याचा नेम नाही. डेकवर गेम चालू असताना पॉवर बटण एकदा दाबलं की आहे त्या जागी सगळं थांबतं, नंतर दाबलं की त्याच वाक्यापासून पुढे सुरू. लग्नाआधी मी डेस्कटॉपवर रात्र-रात्र खेळायचे, ते दिवस गेले. पण बाल्डर्स गेट ३ सारखा लांबलचक गेम मी पाळण्याशेजारी बसून, दहा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत खेळत आणलाय. लढाया पाळीपाळीने असल्यामुळे मध्येच उठायला लागलं तरी काही बिघडत नाही.

आता सेटिंग. आधी हा गेम डेकवर प्रोटॉनमधून (डेकच्या लिनक्स सिस्टिमवर विंडोजचे गेम चालवणारी सोय) चालायचा, सप्टेंबर २०२५ मध्ये गेम बनवणाऱ्या लॅरियनने डेकसाठी नेटिव्ह, म्हणजे थेट चालणारी, आवृत्ती दिली. जुनी असेल तर आधी अपडेट करा. मी ३० वर बांधून, एफएसआर (लहान चित्र काढून ते मोठं करणं) लावून खेळते. पहिले दोन अंक सुरळीत जातात. तिसऱ्या अंकात शहर लागतं, गर्दी वाढते आणि प्रोसेसर दमतो. तिथे टेक्श्चर (वस्तूंच्या पृष्ठभागांची चित्रं) कितीही कमी केली तरी फरक पडत नाही, कारण अडलेलं काम ग्राफिक्सचं नसतंच. 'डायनॅमिक क्राउड्स' बंद करा, त्याने पडतो फरक.

मावळतीकर, तुमची ती वॅटची भागाकाराची पद्धत आवडली. मी आजवर नुसती टक्केवारी बघत होते.

कोडगा

सगळे डेकवालेच दिसताय. माझ्याकडे पहिला रॉग ॲलाय, विंडोजवाला. तो इथे दुकानात, बिलासकट मिळाला. डेक भारतात अधिकृतपणे विकतच नाहीत, मागवून घ्यायचा म्हणजे वॉरंटी नावापुरती.

तीन मोड : सायलेंट १० वॅट, परफॉर्मन्स १५, टर्बो २५ (चार्जरवर ३०). बॅटरी याचीही ४० वॅट-अवरचीच, त्यामुळे टर्बो फक्त प्लगजवळ. पडदा १०८० चा आहे, पण जड गेम मी ७२० वर चालवून ड्रायव्हरमधूनच मोठा करतो. पडद्याला व्हीआरआर (गेमच्या वेगाप्रमाणे रिफ्रेश रेट बदलणं) असल्यामुळे ४० की ४५ हा प्रश्नच येत नाही, एफपीएस खाली-वर झाले तरी डोळ्याला कळत नाही. १६ जीबी मेमरी प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघांत वाटलेली असते. ग्राफिक्सचा वाटा ४ वरून ६ जीबी केला तर टेक्श्चर जड असलेल्या गेमना बरं पडतं. स्लीपऐवजी हायबरनेट ठेवलंय. उठायला थोडा वेळ लागतो, पण बॅगेत तापत बसत नाही.

आणि मित्रांबरोबर व्हॅलोरंट. ते तुमच्या डेकवर चालवून दाखवा.

मावळतीकर

नाही चालत, मान्य. व्हॅलोरंटचा अँटी-चीट (लबाडी पकडणारा प्रोग्रॅम) विंडोजच्या गाभ्यात बसतो, लिनक्सवर त्याला जागाच नाही. फोर्टनाइटही चालत नाही. एपेक्स लेजंड्स चालायचा, त्यांनी २०२४ मध्ये लिनक्स बंद केलं. जीटीए ऑनलाइनही त्याच वर्षी गेलं, स्टोरी मोड मात्र चालतो. तेव्हा ज्यांची संध्याकाळ ऑनलाइन टोळीबरोबर जाते त्यांनी कोडग्याचं ऐकावं.

तासाला वीस रुपये

धाग्याचं नाव वाचून वाटलं होतं की इथे सगळे नवेच गेम येणार. मी जुन्याचं लिहितो.

आमच्या इचलकरंजीतल्या कॅफेत चार पीसी होते आणि चारही पीसींवर प्रोजेक्ट आयजीआय. २००० सालचा गेम, नॉर्वेतल्या इनरलूप स्टुडिओने केलेला. ज्यांनी खेळलाय त्यांना त्याची खोड आठवत असेल : मिशनच्या मध्ये सेव्ह नाही. मेलात की तार कापण्यापासून पुन्हा. वर कॅफेचा तास संपला की मालक पडदा बंद करायचा. मिशन पुरं झालेलं मी बघितलंय ते दुसऱ्याच्या खांद्यावरून.

गॉग या ऑनलाइन दुकानात गेम मिळतो. डेकवर आणायचा मार्ग असा : पॉवर बटण दाबून धरा, डेस्कटॉप मोडमध्ये जा, तिथल्या डिस्कव्हर दुकानातून हिरॉइक लाँचर (स्टीमबाहेरचे गेम उतरवून चालवणारा प्रोग्रॅम) घ्या, त्यात गॉगचं खातं जोडा, गेम उतरवा, प्रोटॉनची आवृत्ती निवडा आणि 'ॲड टू स्टीम' करा. मग गेमिंग मोडमध्ये तो बाकी गेमांच्या रांगेत येऊन बसतो. (एपिकच्या दुकानातून फुकट मिळालेले गेमही याच वाटेने येतात. तिथे वेगळं काही करावं लागत नाही.)

खरी मजा बटणांत आहे. या गेमला कंट्रोलर माहीतच नाही, त्याला कीबोर्ड आणि माउसच हवा. स्टीम इनपुटमध्ये (कुठलं बटण काय करेल ते ठरवायची सोय) डाव्या काडीला डब्ल्यू-ए-एस-डी दिलं, उजव्या ट्रॅकपॅडला माउस. नेम धरताना अंगठा पॅडवर टेकलेला असेल तेवढ्यापुरता जायरो (मशीनचा कल ओळखणारा सेन्सर) चालू, म्हणजे मोठी हालचाल अंगठ्याने आणि शेवटचं बारीक सरकवणं मशीन जरासं तिरकं करून. मागची चार बटणं आहेत ना, त्यांवर बसणं, दुर्बीण, नकाशा आणि रीलोड. पुढच्या एकाही बटणावरून बोट उचलावं लागत नाही. पडदा ४:३ ठेवला, बाजूला काळे पट्टे येतात, येऊ देत. ताणलेला नायक जोन्स बघवत नाही.

आणि अर्धीझोप ताई म्हणतात ते पॉवर बटण! ज्या गेममध्ये सेव्ह नाही तिथे तेच सेव्ह. टॉवरवरच्या गार्डला टिपलं, जेवायला हाक आली, बटण दाबलं. परत आलो तेव्हा अलार्म वाजायचा होता तिथेच वाजला. मेलं की अर्थातच सुरुवातीपासून, तेवढी शिक्षा शाबूत आहे, आणि असावी.

वीज फार खात नाही. टीडीपी ५ वर ठेवलाय. बराच वेळ पुरतं.

चष्माकुठेय

वय सांगत नाही. सिव्हिलायझेशन ६ खेळतो आणि त्यातली अक्षरं मला दिसत नव्हती. भाच्याने दाखवलं : स्टीमचं बटण दाबून धरायचं आणि एल१. पडद्यावर भिंग येतं. स्टीम आणि एक्स दाबलं की कीबोर्ड येतो. गेमच्या आत यूआय मोठं करायची सोय असेल तर आधी ती बघावी, भिंग लावून शंभर वळणं खेळता येत नाहीत.

पेचकस

माझा डेक ६४ जीबीचा, त्या वेळचा सगळ्यात स्वस्तातला. गेम सगळे मेमरी कार्डवर ठेवले तरी आतली जागा भरत जाते. कारण शेडर कॅश (ग्राफिक्सचा आधीच तयार करून ठेवलेला कोड) आणि प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी बनवतो ते फोल्डर. स्टोरेजमध्ये 'इतर' म्हणून जे फुगतं ते हेच. शेडर कॅश पुसली तर गेम पहिल्यांदा अडखळत चालतो आणि ती पुन्हा बनतेच.

म्हणून आतलं स्टोरेज काढून मोठा एसएसडी बसवला. एम.२ २२३० मापाचाच लागतो, लॅपटॉपमधला लांब बसत नाही. करायचं असेल तर दोन गोष्टी : मेमरी कार्ड आधी बाहेर काढा, ते आत असताना मागचं झाकण उचललं तर कार्डाचे दोन तुकडे होतात. आणि बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन बॅटरी स्टोरेज मोडवर टाका. मागे आठ स्क्रू, चार लांब, चार आखूड. काढाल तसे कागदावर त्याच जागी मांडून ठेवा. प्लॅस्टिकमध्ये बसतात, तेव्हा आवळताना जोर नको. नंतर पेनड्राइव्हवरून स्टीमओएस (डेकची सिस्टिम) टाकायचं. गेम परत उतरवायला जो वेळ गेला तेवढाच, बाकी काम संध्याकाळचं.

मांडवीएक्सप्रेस

मडगाव ते मुंबई. ऑफलाइन मोड घरीच लावून निघा, आणि लावण्याआधी प्रत्येक गेम एकदा मुख्य स्क्रीनपर्यंत उघडून बघा. पहिल्या वेळी काही ना काही उतरवायचं राहिलेलं असतं आणि ते नेमकं करबुड्याच्या बोगद्यात आठवतं. साडेसहा किलोमीटर, रेंज शून्य. एपिक-गॉगचे गेमही तसेच तपासा, काहींना आपला लाँचर आधी इंटरनेटला लावून हवा असतो. जागेजवळच्या सॉकेटवर विसंबू नका, पॉवर बँक ४५ वॅट देणारी घ्या. मोबाइलच्या साध्या पॉवर बँकेने खेळताना टक्केवारी जेमतेम जागेवर राहते.

राईनकाठी

जर्मनीतून. इथे डेक सुरुवातीपासून मिळतो, माझा ओलेड पडद्याचा आहे. ९० हर्ट्झ असल्यामुळे ४५ एफपीएसवर बांधतो, ५० वॅट-अवरची बॅटरी.

दिवाळीत मराठी मंडळींची पोरं जमली तेव्हा टीव्हीला जोडून ओव्हरकुक्ड लावला. टीव्हीवर चित्र धूसर दिसलं तर टीव्हीला दोष देऊ नका. गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये रिझोल्यूशन बदलून १९२० बाय १०८० करा, नाहीतर तो डेकचंच १२८० बाय ८०० पाठवत राहतो.

आणखी एक, कुणी उल्लेख केला नाही म्हणून : राजी. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा, २०२० चा. दुर्गा आणि विष्णू गोष्ट सांगतात, राजस्थानी वाडे, भिंतींवर चित्रं. कॅमेरा लांबून असल्यामुळे लहान पडद्यावर माणूस बारीक दिसतो, पण ओलेडवर त्या रात्रीच्या दिव्यांचे रंग बघण्यासारखे आहेत. कंट्रोलरला जसाच्या तसा चालतो, काही जुळवावं लागलं नाही.

नवाभिडू

एक प्रश्न. पीसीवर एक जुना गेम अर्धा झालाय, स्टीमवरच घेतलेला, पण त्याला क्लाउड सेव्ह (इंटरनेटवर आपोआप साठणारा सेव्ह) नाही. सेव्हची फाइल डेकवर नेली तर टाकायची कुठे? सी ड्राइव्ह तर दिसत नाही.

पेचकस

असतो, लपलेला असतो. डेस्कटॉप मोडमध्ये फाइल मॅनेजर उघड, कंट्रोल आणि एच दाब म्हणजे लपलेली फोल्डरं दिसतील. स्टीमच्या फोल्डरात स्टीमॲप्स, त्यात कॉम्पॅटडेटा. तिथे प्रत्येक गेमचं एक फोल्डर. त्याच्या आत pfx, मग drive_c (हाच सी ड्राइव्ह), युझर्स, मग स्टीमयुझर. तिथून पुढची वाट विंडोजवर असते तीच. फक्त आधी डेकवर गेम एकदा सुरू करून बंद कर, त्याशिवाय ते फोल्डर तयारच होत नाही.

नवाभिडू

सापडलं कॉम्पॅटडेटा. पण आत नुसते आकडे आहेत, गेमचं नाव कशालाच नाही.

पेचकस

स्टीमच्या दुकानात त्या गेमचं पान उघड आणि वरचा पत्ता बघ. त्यात जो आकडा आहे तोच फोल्डरचा.