सर्वांत लांबून आलेल्याला बिल्ला देताना तो किती तास जागा होता, हे विचारतो का आपण?

दोन मुक्काम:
आपल्या क्लबची मोटरसायकल रॅली संपल्यापासून एक पोस्ट फिरतेय. थोडक्यात अशी: "वाटेत मुक्काम करून आला तो पर्यटक. रायडर असेल तर एका दमात येतो. आणि गाडी ट्रेलरवर लादून आणणाऱ्यांनी गेटबाहेरच थांबावं." खाली टाळ्याच टाळ्या. चार दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

मी गेलोय एका दमात. १,३४० किलोमीटर. सकाळी सातला उठलो, दिवसभर काम केलं, संध्याकाळी सामान बांधलं आणि रहदारी नको म्हणून रात्री नऊला निघालो. पहाटे चारच्या सुमारास २१२ चा दगड पाहिल्याचं आठवतं. त्यानंतर दिसला तो थेट २०७ चा. मधले पाच किलोमीटर मी कसे काढले, मला माहीत नाही. रस्त्याच्या कडेला पट्टीवर उंचवटे असतात ना, त्यांच्यावर पुढचं चाक चढलं, हँडल थरथरलं आणि जाग आली. क्लचवरचा हात सुटून मांडीवर पडला होता. बोटं अर्धवट वळलेली, झोपलेल्या माणसाची असतात तशी.

सलग १७ तास जागं राहिलं की माणूस रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखा मंदावतो. २४ तासांना ते ०.१ च्या आसपास जातं. मी २१ तास जागा होतो. ताशी १०० ला गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर पळते. चार सेकंदांची डुलकी म्हणजे ११० मीटर, आणि तेवढा वेळ गाडीवर कोणी नाही.

पोचलो. सर्वांत लांबून आल्याचा बिल्ला मिळाला, फोटो झाले. त्या पाच किलोमीटरबद्दल कोणाला बोललो नाही. पहिला अख्खा दिवस तंबूत झोपून काढला, म्हणजे ज्यासाठी गेलो ते पाहिलंच नाही. बिल्ला जॅकेटवर शिवला नाही, ड्रॉवरमध्ये पडून आहे.

म्हणणं एवढंच: पल्ला ठरावीक आकड्याच्या वर असेल तर वाटेत एक रात्र झोपल्याचा पुरावा मागा. मागायचा नसेल तर हा पुरस्कार बंद करा.

लांबचा पल्ला:
ती पोस्ट मी लिहिलेली नाही, पण टाळ्या वाजवणाऱ्यांत मी आहे, म्हणून उत्तर देतो.

दादा, तुमच्यावर जे गुदरलं ते वाईट. पण तुम्ही दिवसभर काम करून रात्री नऊला निघालात, ही चूक तुमची. तिचं खापर लांब पल्ल्यावर का फोडता? आयर्न बट असोसिएशन या लांब पल्ल्याच्या रायडरांच्या अमेरिकी संघटनेचं सॅडलसोअर मी दोनदा केलंय. १,००० मैल, म्हणजे १,६०९ किलोमीटर, २४ तासांत. थांबे धरून सरासरी ६७ पडते. ६७! त्यात बेफाम काही नाही, सगळा खेळ शिस्तीचा आहे. आधीच्या दोन रात्री पोटभर झोप. पहाटे निघायचं, रात्री नाही. हिशेब घालून बघा: १,६०० किलोमीटरला १०० ऐवजी ११० चा वेग धरला तर ८७ मिनिटं वाचतात. तेवढीच मिनिटं आठ थांब्यांवर अकरा-अकरा मिनिटं कमी घालवूनही वाचतात, आणि त्यात जीव धोक्यात जात नाही. पेट्रोल भरायला उतरलात की हातमोजे आणि पावती कुठल्या खिशात जाणार हे ठरलेलं पाहिजे. ऊन ३५ च्या वर गेलं की जाळीचं जॅकेट उघडं टाकून चालवायचं नाही, गरम वारा अंगातलं पाणी ओढून घेतो. पाणी नळीने सतत. कानात इअरप्लग, कारण वाऱ्याचा सततचा आवाजही माणसाला थकवतो. आणि डोळा जड झाला की जिथे असाल तिथे बाकावर आडवं व्हायचं, गजर लावून. आम्ही हे शिकून करतो. आम्हाला बेजबाबदार म्हणू नका.

ट्रेलरबद्दल मात्र त्या पोस्टशी सहमत. मोटरसायकलच्या रॅलीला मोटरसायकलवरून या.

जुनी गाडी:
मी ट्रेलरवरून येतो. दोन्ही गुडघे बदललेत. ६३ वय आहे.

माझी गाडी १९६० च्या दशकातली, पुढे-मागे ड्रम ब्रेक. महामार्गावर ८० ला मागचे हॉर्न मारून मारून जीव नकोसा करतात. तिचं कार्ब्युरेटर मी स्वतः उघडतो, पॉइंट स्वतः घासतो, आणि रॅलीत ती उभी केली की विशीतली पोरं तासभर तिच्याभोवती बसतात. एकाने मागच्या वेळी पहिल्यांदा किक मारून गाडी चालू केली. किक उलटी बसली, पोटरी सुजली, तरी दुसऱ्या दिवशी परत आला. हे गेटबाहेर थांबून झालं असतं का?

तीस वर्षं चालवतच गेलो मी, पावसात, थंडीत. तेव्हा कोणी प्रमाणपत्र मागितलं नाही. १९३८ साली अमेरिकेत स्टर्जिसला पहिल्यांदा लोक जमले तेव्हा शर्यतीत उतरलेले जेमतेम नऊ जण होते. आज तिथे लाखांनी येतात, त्यांतल्या कितीतरी गाड्या ट्रेलरवरून येतात, म्हणून ती रॅली बुडाली नाही. त्या वाक्याने मला फार लागलं, एवढंच सांगतो.

चिखलातला तंबू:
काका, तुमच्याबद्दल आदर आहे, पण सगळ्या रॅल्या एका मापाने मोजू नका. जर्मनीतलं एलेफांटेनट्रेफेन घ्या. १९५६ मध्ये एर्न्स्ट लेव्हेर्कुस या पत्रकाराने त्स्युनडाप केएस ६०१ च्या साइडकारवाल्यांना ऐन हिवाळ्यात बोलावलं. त्या गाडीला हिरवा हत्ती म्हणत, म्हणून हत्तींचा मेळा. १९८९ पासून तो बव्हेरियाच्या जंगलात एका खोलगट दरीत भरतो. तिथे बर्फ, चिखल, गवताच्या पेंढ्यांवर तंबू आणि शेकोट्या. दुसरं काहीच नाही. तिथे वाटच रॅली आहे. बर्फातून गाडी आणली नाही तर त्या दरीत तुम्ही करणार काय? ताशी १०० ला १० अंशांचं तापमान अंगाला ४ अंशांसारखं लागतं. शून्याखाली काय होत असेल ते बघा.

पण "एका दमात" हा नियम तिथेही नाही. लोक तीन-तीन, चार-चार दिवस घेतात. तेव्हा पोस्टवाल्याचं अर्धं बरोबर, अर्धं फुकाचं.

उघडे कान:
पल्लेवाल्या भाऊंनी एक ओळ हळूच घुसवली आणि कोणी बोललंच नाही. इअरप्लग? कानात बोळे घालून गाडी चालवायची? मागून ट्रक आला, हॉर्न दिला, ऐकू आलं नाही तर? २२ वर्षं चालवतोय, दोनदा निव्वळ कानांनी वाचलोय. एकदा तर मागचं बेअरिंग जात होतं. बारीक किणकिण ऐकू आली म्हणून थांबलो. झोपेपेक्षा हा मुद्दा मोठा आहे.

मागची सीट:
दोन गोष्टी. पहिली: अकरा वर्षं मी नवऱ्याच्या मागे बसून तेवढेच किलोमीटर काढले, तोच पाऊस खाल्ला, आणि सर्वांत लांबून आल्याचा बिल्ला दर वेळी एकट्या त्याला. मागे बसणाऱ्याच्या पाठीला अंतर कमी लागतं का? पाच वर्षांपूर्वी स्वतःची गाडी घेतली ती या रागानेच.

दुसरी, उघडे कान यांच्यासाठी. माझ्या डाव्या कानात सतत शिटी वाजते. आत्ता लिहितानाही वाजतेय. रात्री उशीवर डोकं टेकलं की खोलीत दुसरा आवाज नसतो, फक्त ती. अकरा वर्षं इअरप्लगशिवाय. ८५ डेसिबलला कान आठ तास तग धरतात, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९७ ला अर्धा, १०० ला पाव तास. महामार्गाच्या वेगाला हेल्मेटच्या आत वाऱ्याचा आवाज ९५ च्या पुढे जातो, मग हेल्मेट कितीही महाग असो. तुम्ही रॅलीला किती तास चालवत जाता?

उघडे कान:
ताई, शिटीचं ऐकून वाईट वाटलं. पण आकडे फेकून माझा ट्रक नाहीसा होत नाही. १०० कान गेले तरी चालतील, जीव एकच आहे. आणि काही ठिकाणी कानात काही घालून चालवण्यावर कायद्यानेच बंधनं आहेत, ती उगीच घातलेली नाहीत.

लांबचा पल्ला:
ती बंधनं मुख्यतः दोन्ही कानांत गाणी लावणाऱ्यांसाठी असतात. आधी आपल्या भागातला कायदा वाचा आणि मग बोला. इअरप्लगने जग मुकं होत नाही. वारा आणि हॉर्न दोन्ही तेवढेच खाली येतात, पण वाऱ्याची भिंत खाली आली की कान दडपणातून सुटतो आणि हॉर्न वेगळा कळतो. उन्हाचा चष्मा लावल्यावर रस्ता जास्त नीट दिसतो, तसंच. माझ्या इंजिनातल्या टॅपेटची टकटक मला इअरप्लग घातल्यावरच पहिल्यांदा ऐकू आली. २२ वर्षं सांगताय, घालून एकदा तरी बघितलंय का?

उघडे कान:
बघितलंय. हेल्मेट चढवताना बाहेर येतात, एका बाजूला बसतात, कान दुखतो. अर्ध्या तासात काढून फेकले. आणि "आधी वाचा मग बोला" ही भाषा घरी ठेवा. मीही इथे आजचा नाही.

दोन मुक्काम:
मंडळी, विषय झोपेचा होता.

जुनी गाडी:
राहू द्या हो, कानाचाही असू द्या. माझ्या पिढीतले निम्मे बहिरे आहेत. मीही उजव्या कानाने बायकोचं ऐकत नाही, डावा पुढे करावा लागतो. आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं.

मागची सीट:
उघडे कान, बाहेर येतात कारण बसवायची पद्धत चुकते. बहुतेकांची चुकते. बोट ओलं नको. फोमचा इअरप्लग तीन बोटांत फिरवत फिरवत उदबत्तीइतका बारीक करा, सुरकुती पडू देऊ नका. डाव्या कानात घालताना उजवा हात डोक्यावरून न्या आणि कानाचा वरचा भाग वर-मागे ओढा, म्हणजे कानाची वाट सरळ होते. आत सरकवा, बोटाने दाबून तीस सेकंद धरा. फुगताना जाणवतो. समोरून बघणाऱ्याला तो कानाबाहेर आलेला दिसला तर नीट बसलेला नाही. हेल्मेटमध्ये अडकत असेल तर आखूड घ्या, तेही मिळतात. कान दुखतो तो इअरप्लग जाड असल्यामुळे, बारीक मापाचे घ्या.

चिखलातला तंबू:
तीस सेकंद धरायचं मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. मी पाचात सोडतो.

दोन मुक्काम:
मी परत मूळ मुद्द्यावर येतो. लांबचा पल्ला, तुमच्याच आयर्न बट रॅलीची गोष्ट. १९८४ पासून चालत आलेली, ११ दिवसांची, ११,००० मैलांची. तिथे विश्रांतीला गुण असतात. थांबल्याची आणि निघाल्याची पावती दाखवायची, मधले तास झोपेचे, त्याचे गुण घ्यायचे. जगातल्या सगळ्यांत कडक पल्लेवाल्यांनी झोप मोजायचं ठरवलं, आणि आपल्या क्लबात टेबलावरचा माणूस ओडोमीटरचा फोटो बघून बिल्ला हातात ठेवतो. मला त्या सकाळी एकानेही विचारलं नाही की कधी निघालास. विचारलं असतं तर मी खोटं बोललो असतो, हेही सांगतो. पण पावती खोटं बोलली नसती.

लांबचा पल्ला:
गुणांची गोष्ट खरी आहे. मला माहीत होती. लिहिताना सोडून दिली, कारण माझ्या बाजूला बसत नव्हती.

ठीक. ओडोमीटरच्या फोटोवर बिल्ला देणं बंद व्हावं, हे मान्य. पहिली-शेवटची पावती, मधल्या पावत्या, निघताना-पोचताना साक्षीदार. सॅडलसोअरला हे सगळं द्यावं लागतं, क्लबलाही मागता येईल. पण सक्तीचा एक मुक्काम मान्य नाही. जो पहाटे चारला ताजा निघून रात्री दहाला पोचतो त्याला तुम्ही झोपेच्या नावाखाली बाद करू शकत नाही. १८ तासांवर वाटेतली झोप दाखवा, अशी अट घाला. मी सही करतो.

दोन मुक्काम:
१६ करा.

लांबचा पल्ला:
१७. तुमचाच आकडा आहे.

आणि जुनी गाडी, ट्रेलरचं मत मी बदललेलं नाही. पुरस्कारासाठी ट्रेलर नको, एवढंच ते मत आहे. "गेटबाहेर" या शब्दाला मी टाळी वाजवली, ती मागे घेतो. ते लिहिणाऱ्याने तुमची गाडी पाहिलेली नसावी.

जुनी गाडी:
पुरस्कार मला नकोच होता. पुढच्या वेळी या, किक मारून बघा.

मागची सीट:
आणि मागे बसणाऱ्याचा बिल्ला? एवढी चर्चा झाली, त्यावर एकाने शब्द काढला नाही.

दोन मुक्काम:
खरं आहे, चुकलं. मागणीत घालतो: गाडीवर दोघं असतील तर बिल्ले दोन.

उघडे कान:
पटलेलं नाही. पण ते हात डोक्यावरून न्यायचं मी केलं नव्हतं, ओले-सुके तसेच कोंबले होते. रविवारी १०० किलोमीटर जातोय, बारीक मापाचे घेऊन. हॉर्न ऐकू आला नाही तर इथेच येऊन लिहीन.

मागची सीट:
१०० मध्ये कळणार नाही, ३०० जा. फरक गाडी बंद केल्यावर कळतो. हेल्मेट काढा, इअरप्लग काढा आणि काही बोलायच्या आधी मिनिटभर नुसते उभे राहा.