वायतुऱ्याच्या अधिवासातील मातीबाबत मदत हवी आहे

कास परिसरातील जांभ्याच्या सड्यांवर (उघड्या खडकाळ पठारांवर) वाढणाऱ्या वायतुरा या प्रदेशनिष्ठ (ठरावीक प्रदेशातच आढळणाऱ्या) वनस्पतीच्या अधिवासाच्या नोंदी मी करीत आहे. पावसाळ्यात साचणाऱ्या उथळ डबक्यांत, बोटभर मातीत कंद रोवून ती टोकाशी दुभंगलेले गुलाबी-जांभळे तुरे पाण्यावर काढते. मात्र काही हातांवरच, जिथे पाण्याचा नुसता पाझर असतो तिथे, गेंद आणि सीतेची आसवे या रानफुलांचे ताटवे दिसतात. सीतेची आसवे कीटकभक्षी असल्याने तेथील मातीत नत्र कमी असणार, हे समजण्यासारखे आहे; पण डबक्यातील गाळही तितकाच निकस असतो का? सामू (पीएच) आणि सेंद्रिय कर्ब तपासण्यासाठी, कंदाला धक्का न लावता, एवढ्या पातळ थरातून नमुना कोणत्या महिन्यात आणि कसा घ्यावा? परवानगीची प्रक्रिया मला ठाऊक आहे, अडचण केवळ पद्धतीची आहे.