रहस्यकथा वाचणाऱ्या मैत्रिणीला प्रेमकादंबरी कोणती द्यावी?

प्रश्न

मी अनेक वर्षे प्रेमकादंबऱ्या वाचत आले आहे, आणि आवडलेले पुस्तक दुसऱ्याच्या गळ्यात मारण्याची मला वाईट खोड आहे. माझी एक जवळची मैत्रीण मात्र रहस्यकथांपलीकडे काही वाचत नाही. गेल्या महिन्यात मी तिला माझी सर्वांत लाडकी प्रेमकादंबरी मोठ्या हौसेने दिली. चार दिवसांनी तिने ती परत केली आणि म्हणाली, "हे दोघे शेवटी एकत्र येणार, हे मला पाचव्या पानावरच कळले. मग उरलेली तीनशे पाने वाचायची कशासाठी?"

मला त्या वेळी उत्तर सुचले नाही, आणि खरे सांगायचे तर अजूनही सुचलेले नाही. तिच्या आक्षेपात तथ्य आहे का? आणि तिला दुसरे एखादे पुस्तक द्यायचे झाले, तर कोणते द्यावे? तिला सुखान्ताचा राग नाही, ठरावीकपणाचा कंटाळा आहे. शृंगाराची सविस्तर वर्णने तिला नकोशी वाटतात. इंग्रजी वाचण्यास काहीच अडचण नाही.

पहिला प्रतिसाद

आपल्या मैत्रिणीला एवढेच विचारावे, की खुनी शेवटी सापडणार हे ठाऊक असूनही ती रहस्यकथा का वाचते. खुनी कोण, हे तिला ठाऊक नसते हे मान्य. परंतु तो सापडेल याची हमी असते, आणि त्या हमीवर विसंबूनच ती निर्धास्तपणे पाने उलटते. प्रेमकादंबरीतही अशीच हमी असते. अमेरिकेतील प्रेमकादंबरीकारांच्या संघटनेने या प्रकाराची जी व्याख्या केली आहे तिच्यात दोनच अटी आहेत: प्रेमकथा मध्यवर्ती असावी, आणि शेवट भावनिक समाधान देणारा व आशादायी असावा. याचा अर्थ "एकत्र येतील का" हा प्रश्न लेखक आणि वाचक यांनी आरंभीच मिटवलेला असतो. "कसे येतील, आणि त्यासाठी प्रत्येकाला आपले काय मोडावे लागेल" हा प्रश्न तेवढा शिल्लक राहतो.

माझ्या मते याचा उत्तम दाखला जेन ऑस्टिनच्या 'पर्स्युएशन'मध्ये सापडतो. ॲन एलियटने आठ वर्षांपूर्वी, वडीलधाऱ्या स्नेह्यांच्या सल्ल्यावरून, वेंटवर्थशी ठरलेले लग्न मोडलेले असते. आता तो कॅप्टन होऊन, पैसा आणि नाव मिळवून परत येतो. जुलै 1816 मध्ये ऑस्टिनने या कादंबरीचा शेवट लिहिला. त्यात ॲन आपल्या नात्यातल्या मिस्टर एलियटशी लग्न करणार आहे का, हे तिलाच विचारण्याचे अवघड काम वेंटवर्थचा मेहुणा ॲडमिरल क्रॉफ्ट त्याच्यावर सोपवतो, ती नकार देते, आणि दोघांचा समेट होतो. हा शेवट लेखिकेला पटला नाही. काही आठवड्यांतच तिने तो बदलला. नव्या शेवटात ॲन दुसऱ्याच एका गृहस्थाशी स्त्री आणि पुरुष यांच्यापैकी कोणाचे प्रेम अधिक टिकते यावर बोलत असते, वेंटवर्थ जवळच काही लिहीत बसलेला असतो, ते बोलणे त्याच्या कानावर पडते, आणि समोरच्या कागदावर तो तिला पत्र लिहितो. टाकून दिलेल्या प्रकरणांचे हस्तलिखित आजही उपलब्ध आहे. दोन्ही मसुद्यांत ते दोघे एकत्रच येतात. पहिल्यात त्यांना एका तिऱ्हाइताचा निरोप एकत्र आणतो, दुसऱ्यात ॲनचे स्वतःचे शब्द. ज्या लेखिकेला शेवट पूर्णपणे ठाऊक होता तिलाही ही प्रकरणे पुन्हा लिहावीशी वाटली, हेच आपल्या मैत्रिणीच्या तीनशे पानांविषयीच्या प्रश्नाचे उत्तर आहे.

तेव्हा माझी शिफारस 'पर्स्युएशन'.

दुसरा प्रतिसाद

वरील विवेचन मला मान्य आहे; शिफारस मात्र मान्य नाही. 'पर्स्युएशन' हे आधीच या वाटेला लागलेल्या वाचकाचे पुस्तक आहे. त्यातील ताण नजरेत आणि मौनात आहे, आणि ज्या वाचकाला प्रत्येक प्रकरणात नवा पुरावा हाती लागण्याची सवय आहे त्याला पहिल्या काही प्रकरणांत काहीच घडत नाही असे वाटेल. आपण आपल्याला प्रिय असलेले पुस्तक सुचवतो आणि समोरचा काय शोधतो आहे हे विचारायला विसरतो. मूळ प्रश्नात हीच चूक झाली होती, आणि वरच्या उत्तरात तीच पुन्हा झाली आहे असे मी नम्रपणे म्हणेन.

याच लेखिकेची 'एमा' द्यावी. ही प्रेमकादंबरी असली, तरी तिच्या पोटात एक गुपित आहे, आणि त्याचे धागेदोरे लेखिकेने अगदी उघड्यावर ठेवले आहेत. एक तरुण केवळ केस कापून घेण्यासाठी लंडनपर्यंत जाऊन येतो. एका गरीब मुलीच्या नावाने निनावी भेट म्हणून पियानो येतो. एमा या सगळ्याचा आपल्या परीने अर्थ लावते, आणि तिच्याच नजरेने पाहणारा वाचकही तिच्याबरोबर फसतो. उलगडा झाल्यावर मागची पाने पुन्हा वाचल्याशिवाय राहवत नाही, आणि प्रत्येक खूण जागच्या जागी सापडते. रहस्यकथेच्या वाचकाला याहून सरळ आमंत्रण कोणते? गुपित काय आहे हे मी मुद्दामच सांगत नाही, आणि आपणही सांगू नये.

'प्राइड अँड प्रेज्युडिस' चालेल का, असे कोणी विचारील. ऑस्टिनच्याच या कादंबरीच्या 61 प्रकरणांपैकी 34व्या प्रकरणात नायक डार्सी नायिका एलिझाबेथला पहिल्यांदा मागणी घालतो, पुढच्याच प्रकरणात त्याचे पत्र येते, आणि तिला आतापर्यंतची सारी साक्ष नव्याने तपासावी लागते. हा भाग आपल्या मैत्रिणीला नक्की आवडेल. परंतु या कथेची इतकी रूपांतरे झाली आहेत, की तिला पुन्हा "हे मला आधीच ठाऊक होते" असे म्हणण्याची आयती संधी मिळेल.

तिसरा प्रतिसाद

थेट रहस्यकथेच्या घरातूनच प्रेमकथेकडे का नेऊ नये? डोरोथी एल. सेयर्स यांच्या 'स्ट्राँग पॉयझन' (1930) मध्ये हौशी गुप्तहेर लॉर्ड पीटर विम्झी हॅरिएट व्हेनला प्रथम पाहतो तेच आरोपीच्या पिंजऱ्यात. पूर्वीच्या प्रियकरावर विषप्रयोग केल्याचा तिच्यावर आरोप असतो, आणि ती स्वतः रहस्यकथा लिहिणारी असते. तो तिला निर्दोष ठरवू पाहतो आणि लग्नाची मागणीही घालतो. ती नकार देते. ज्याने आपला जीव वाचवला त्याला केवळ कृतज्ञतेपोटी होकार कसा द्यायचा, ही तिची अडचण आहे, आणि माझ्या वाचनात आलेल्या प्रेमकथांमधील अडथळ्यांपैकी हा सर्वांत खरा अडथळा आहे. बहुतेक ठिकाणी एका गैरसमजावर दोनशे पाने ताणली जातात आणि शेवटी पाच मिनिटांच्या बोलण्यात तो मिटतो. हा प्रश्न तसा मिटणारा नाही.

पुढची पुस्तके क्रमानेच वाचावीत. 'गॉडी नाइट' (1935) मध्ये तर खूनच नाही. एका महिला महाविद्यालयात कोणी निनावी पत्रे पाठवत असते आणि नासधूस करत असते, आणि खरी चर्चा बुद्धिजीवी स्त्रीने आपले काम आणि प्रेम यांचा मेळ कसा घालावा याची आहे. ते जाडजूड आहे आणि मध्ये रेंगाळते, हे मी त्याची भक्त असूनही कबूल करते. 1937 मधील 'बसमन्स हनीमून'ला लेखिकेनेच जे उपशीर्षक दिले आहे त्याचा अर्थ "अधूनमधून तपासाचा व्यत्यय येणारी प्रेमकथा" असा होतो.

चौथा प्रतिसाद

शृंगारवर्णनाचा उल्लेख प्रश्नात आहे, म्हणून केवळ एक सूचना. "एकमेकांचे वैरी प्रेमात पडतात" यासारख्या ठरलेल्या साच्यांच्या नावांवरून पुस्तक निवडू नये. एकाच साच्यातील दोन पुस्तकांपैकी एकात नुसती शाब्दिक चकमक असते, तर दुसऱ्यात जबरदस्ती. 1972 मध्ये आलेल्या आणि प्रचंड गाजलेल्या 'द फ्लेम अँड द फ्लॉवर'मध्ये नायक नायिकेवर बलात्कार करतो, आणि पुढे तोच तिचा प्रियकर ठरतो. त्या काळातील अशा पुस्तकांचे ऐतिहासिक महत्त्व कोणी नाकारत नाही, परंतु ती दुसऱ्याच्या हाती देण्यापूर्वी हे स्पष्ट सांगितलेच पाहिजे. यात कथेचा विरस होत नाही. वर आलेल्या शिफारशींपैकी कोणत्याही पुस्तकात आपल्या मैत्रिणीला नकोशी वाटतील अशी सविस्तर वर्णने नाहीत.

प्रश्न विचारणारीचे उत्तर

सर्वांचे आभार. दुसऱ्या प्रतिसादातील टोला मला अचूक लागला. 'पर्स्युएशन' हीच मी दिलेली कादंबरी होती, आणि ती देताना तिला काय हवे आहे हे मी एका शब्दानेही विचारले नव्हते. हस्तलिखिताची हकिगत मी तिला सांगितली. "म्हणजे लेखिकेनेच पहिला तपास रद्द केला म्हणायचा," एवढे ती म्हणाली, आणि मला वाटते ती थोडी विरघळली.

मी तिला 'एमा' देणार आहे. सेयर्स यांची पुस्तके तिने वाचलेली असण्याची शक्यता आहे, म्हणून ती विचारून मग. एकच अडचण आहे: माझ्या प्रतीला एका अभ्यासकाची लांबलचक प्रस्तावना आहे, आणि तिच्या तिसऱ्याच पानावर ते गुपित निःसंकोचपणे फोडलेले आहे. तेवढी पाने चिमटा लावून बंद करून देत आहे.