मदत हवी आहे: ड्रायव्हिंगची मराठी टिपणं सगळ्यांसाठी मोफत ठेवायची आहेत, कॉपीराइटचं काय करू?

नमस्कार मंडळी,

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवते. आमच्याकडे बायका बऱ्याच येतात. ट्रॅक्टर चालवणारी पोरं येतात, टेम्पोवर क्लीनर म्हणून लागलेली आणि आता स्टेअरिंग हातात घेऊ पाहणारीही येतात. यातल्या बहुतेकांना इंग्रजी पुस्तक देऊन उपयोग नसतो. मराठीत बाजारात जे मिळतं ते लर्निंग लायसन्सच्या परीक्षेपुरतं: ही खूण कशाची, उत्तर क्रमांक दोन. पसरणी घाट उतरताना गाडी न्यूट्रल का करायची नाही, हे त्यात कुठेच नसतं.

नियमाप्रमाणे हलक्या वाहनासाठी किमान २१ दिवसांचं प्रशिक्षण आणि त्यात प्रत्यक्ष चालवण्याचे १० तास. दहा तासांत क्लच सुटायला लागतो, ट्रायलपुरता आत्मविश्वास येतो. पावसातला घाट, समोरून अप्पर मारत येणारा ट्रक, रात्री उसाच्या दोन ट्रॉल्यांच्या मागे सापडणं, हे सगळं माणूस लायसन्स मिळाल्यावर एकटाच शिकतो. म्हणून घरी नेऊन पुन्हा पुन्हा वाचता येईल असं काहीतरी हातात असणं मला फार गरजेचं वाटतं.

आमच्याकडे तशी टिपणं आहेत. मूळची टिपणं आणि आकृत्या आमच्या मास्तरांच्या. त्यांनी याच स्कूलमध्ये उभं आयुष्य शिकवलं, आता ते हयात नाहीत. ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. न्यूट्रल केलीत की इंजिन गाडीला धरून ठेवत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि नेमके खालच्या वळणावर लागत नाहीत. अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. ऊस बाहेर लोंबतो आणि ट्रॉलीचे मागचे दिवे झाकतो, म्हणून हंगामात रात्री पुढे अंधार दिसला तर रस्ता मोकळा आहे असं धरून चालू नका. असं सगळं त्यांच्या साध्या भाषेत आहे, सोबत पेन्सिलीनं काढलेली चित्रं. मी ते टाइप केलं आणि स्कूटर शिकणाऱ्या बायकांसाठी माझा भाग जोडला. आता त्याची पीडीएफ करून कुणालाही उतरवून घेता येईल अशी ठेवायची आहे. कुठल्याही गावच्या स्कूलनं छापून वाटावी, साखर कारखान्यांनी वाहतूकदारांना द्यावी.

माझ्या अडचणी अशा.

मास्तरांच्या लिखाणाचा आणि आकृत्यांचा हक्क कुणाकडे? स्कूलच्या मालकांकडे की मास्तरांच्या मुलीकडे? दोघांशीही माझे चांगले संबंध आहेत, पण मालक म्हणतात, "माझी ना नाही, पण उद्या कुणाची नोटीस यायला नको."

दुसरं, वाहतूक चिन्हं आणि नियमांचा मजकूर सरकारी आहे. तो जसाच्या तसा घेतला तर चालतो का?

तिसरी गोष्ट मनाला जास्त लागली आहे. एका प्रशिक्षण कंपनीनं आमच्या भागातल्या टँकर चालकांचा वर्ग घेतला होता. त्यांच्या पुस्तिकेत मोठ्या गाडीच्या चालकाला आरशात न दिसणाऱ्या जागांवर चार पानं आहेत, फार चांगली. ट्रकच्या डाव्या कुशीला लागून स्कूटर चालवणाऱ्या बाईला ती कळली तर तिचा जीव वाचेल. प्रत्येक पानाखाली पुनर्मुद्रणास मनाई छापलंय. मी रीतसर पत्र लिहून त्या चार पानांचं भाषांतर मोफत वाटायची परवानगी मागितली. पैसे भरलेल्या प्रशिक्षणार्थींशिवाय देता येणार नाही, असं उत्तर आलं. त्यांनी मेहनत केली आहे, त्यांचा हक्क मी नाकारत नाही. पण ट्रकच्या डावीकडे चालकाला दिसत नाही हे ज्ञान कुणाच्या मालकीचं कसं असेल? मला चोरी करायची नाही आणि गप्पही बसायचं नाही. मार्ग सांगा.

प्रतिसाद १

ताई, आधी तिसऱ्याचं उत्तर, कारण तिथे तुमचा मार्ग मोकळा आहे. कॉपीराइट असतो तो मांडणीवर, शब्दांवर, चित्रांवर. वस्तुस्थितीवर किंवा कल्पनेवर नसतो. सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात हे स्पष्ट सांगितलं. चालकाला कुठलं दिसत नाही हे कुणाच्याही मालकीचं नाही. त्या चार पानांचं भाषांतर मात्र करू नका. भाषांतराचा हक्कही मूळ हक्कदाराचाच असतो. पुस्तिका बाजूला ठेवा. एखादा ट्रक उभा करा, चालकाला केबिनमध्ये बसवा आणि तुम्ही स्कूटर घेऊन त्याच्याभोवती फिरा. तो "दिसत नाही" म्हणेल तिथे चुन्यानं खूण करा. मग वरून आकृती काढा आणि तुमच्या शब्दांत लिहा. ती पूर्णपणे तुमची होईल.

वर्गात शिकवताना शिक्षकानं प्रती काढण्याला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सवलत आहे. दिल्ली विद्यापीठाच्या फोटोकॉपी खटल्यात २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयानं तिचा बऱ्यापैकी व्यापक अर्थ लावला. पण ती शिकवण्याच्या ओघातल्या प्रतींसाठी आहे. जगाला खुली पीडीएफ ठेवणं ही वेगळी गोष्ट, तिच्यासाठी त्या सवलतीवर विसंबू नका.

प्रतिसाद २

मास्तरांच्या टिपणांबद्दल. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ असं सांगतं की नोकरीत असताना, नोकरीचा भाग म्हणून केलेल्या लिखाणाचा पहिला हक्क मालकाचा, वेगळा करार नसेल तर. मास्तर पगारी नोकर होते की माणशी पैसे घेऊन शिकवत होते, आणि टिपणं लिहिणं त्यांच्या कामातच मोडत होतं का, यावर उत्तर फिरतं. हक्क मास्तरांचा ठरला तर तो वारसांकडे जातो आणि त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो.

तुम्ही हा वाद सोडवत बसू नका. मालक आणि मुलगी दोघांकडूनही लेखी परवानगी घ्या. आणखी वारस असतील तर त्यांचीही. हक्क कुणाचाही असो, तुमचा कागद पक्का. त्यात 'छापायला, बदल करायला आणि इतरांना तसंच करू द्यायला परवानगी' हे शब्द असू द्या. नुसतं 'वाटायला हरकत नाही' पुरणार नाही. आणि मास्तरांचं नाव पहिल्या पानावर घाला. लेखक म्हणून नाव लागण्याचा हक्क, कलम ५७ मधला, हा मालकी कुणाकडेही गेली तरी लेखकाचाच राहतो.

सरकारी मजकुराचं सोपं आहे. राजपत्रात प्रसिद्ध झालेला मजकूर छापता येतो, उदाहरणार्थ मोटार वाहन (चालन) विनियम २०१७. खुद्द कायद्याचा मजकूर मात्र भाष्यासह किंवा स्वतःच्या इतर मजकुरासह छापावा लागतो. तुमच्या टिपणांत ते आपोआप होईल. सरकारच्या बाकीच्या पुस्तिका आणि पोस्टरवर सरकारचा कॉपीराइट असतोच, 'सरकारी म्हणजे सगळ्यांचं' असं नाही. चिन्हं स्वतः काढून घ्या, दुसऱ्याच्या पुस्तकातून स्कॅन करू नका.

प्रतिसाद ३

पीडीएफ खुली करताना ती इतरांनी कुठल्या अटींवर वापरायची याचा परवाना तिच्यावर लिहावा लागतो. तो निवडताना एक गोष्ट जपा. क्रिएटिव्ह कॉमन्स या तयार खुल्या परवान्यांमध्ये 'व्यावसायिक वापरास मनाई' असा प्रकार आहे आणि भल्या हेतूनं लोक तोच निवडतात. तुमच्या बाबतीत तो उलटा पडेल. दुसऱ्या गावचं ड्रायव्हिंग स्कूल फी घेतं, म्हणजे तो व्यवसायच. साखर कारखानाही तसाच. ज्यांच्या हातून हे वाटलं जावं असं तुम्हाला वाटतं त्यांनाच दार बंद होईल. त्यांच्यातलाच 'सीसी बाय-एसए ४.०' घ्या: श्रेय द्यायचं, बदल केला तर तसं सांगायचं आणि पुढेही याच अटींवर वाटायचं. हा परवाना दिला की मागे घेता येत नाही, हे मालकांना आणि मुलीला आधी सांगा.

प्रत्येक पानावर तारीख छापा, ही कळकळीची विनंती. खुल्या कागदाचा धोका हा की तो जुना होऊनही फिरत राहतो. १९८९ चे रस्ता विनियम जाऊन २०१७ चे आले, तरी जुनेच नियम सांगणारी पत्रकं अजून हातोहात जातात.

ब्रिटनचा 'हायवे कोड' तिथल्या सरकारनं खुल्या परवान्याखाली ठेवला आहे. मूळ स्रोताचा उल्लेख करून मराठीत आणता येतो, आणि तिथेही गाड्या डावीकडूनच चालतात. कायदा तिथला वेगळा, त्यामुळे नियम उचलू नका. पण थांबण्याच्या अंतराचा तक्ता घेण्यासारखा आहे. ताशी ४८ किलोमीटरला नुसत्या ब्रेकचं अंतर १४ मीटर, ताशी ९६ ला ५५ मीटर. वेग दुप्पट, अंतर जवळजवळ चौपट. त्यात चालकाला भान येईपर्यंत गाडी जेवढी पुढे जाते तेवढं धरलं की २३ आणि ७३ मीटर होतात.

धागाकर्तीचं उत्तर

सगळ्यांचे मनापासून आभार. मास्तर पगारावरच होते, पण टिपणं ते घरी रात्री लिहीत, असं त्यांच्या मुलीनं फोनवर सांगितलं. म्हणजे वाद घालायचा तर घालता आला असता. ती सही करायला तयार आहे. तिची एकच अट: वडिलांच्या घाटाच्या आकृत्या नव्यानं काढल्या तरी चालतील, पण त्यांच्या हातची मूळ चित्रंही शेवटी असावीत. मालकही हो म्हणाले. 'व्यावसायिक मनाई'च मी निवडणार होते, ते थांबवलं.

ट्रक उभा करून मोजण्याची कल्पना पोरांना इतकी आवडली की एका विद्यार्थ्यानं भावाचा दहा चाकी आणायचं कबूल केलंय. कारखान्याचा बॉयलर पेटायच्या आत पहिला भाग खुला करायचा विचार आहे.

आता दोन मदती हव्यात. परवानगीपत्राचा मराठी मसुदा कुणा वकिलानं नजरेखालून घालावा. आणि वरून दिसणारा ट्रक, दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर आणि एसटी स्वच्छ रेषांत काढून देणारं कुणी असेल तर इथेच कळवा. चित्रकाराचं नाव मास्तरांच्या नावाखाली छापू. चित्रं त्याच परवान्याखाली द्यावी लागतील, हे आधीच सांगते.