मदत हवी आहे : एस-३ ची पहिली कोहोमॉलॉजी शून्य असूनही हे मॉड्यूल फुटत का नाही?

नमस्कार. मी सावंतवाडीजवळ राहतो आणि नोकरी सांभाळून मॉड्युलर रिप्रेझेंटेशन थिअरी (ग्रुप ज्यांवर रेषीय क्रिया करतो अशा सदिश अवकाशांचा, म्हणजे मॉड्यूलांचा, ३ घटकांच्या फील्डसारख्या फील्डवरचा अभ्यास) स्वतःच शिकत आहे. विषयाचे जाणकार जवळपास कोणी भेटत नसल्यामुळे इथे विचारतो.

तीन वस्तूंच्या अदलाबदलींचा, ६ घटकांचा ग्रुप एस-३ आणि ३ घटकांचे फील्ड घेतले. ६ ला ३ ने भाग जातो, त्यामुळे माश्के यांचे प्रमेय (एरवी प्रत्येक सबमॉड्यूल सुटे काढता येते, असे सांगणारे) इथे लागू होत नाही, हे समजले. तीन बेसिस सदिशांची अदलाबदल करणाऱ्या मॉड्यूलमध्ये (१, १, १) हा सदिश स्थिर राहतो, आणि बेरीज शून्य असलेल्या सदिशांचे प्रतल हेही सबमॉड्यूल असते; पण इथे १+१+१ = ० असल्यामुळे तो सदिश त्या प्रतलातच जाऊन बसतो आणि मॉड्यूल फुटत नाही, म्हणजे सुट्या भागांची सरळ बेरीज होत नाही.

आता अडचण अशी की, दोन ट्रिव्हिअल (ग्रुप ज्यांना बदलत नाही असे) थर न फुटता चिकटण्याच्या शक्यता मोजते ती ट्रिव्हिअल सहगुणकांची पहिली कोहोमॉलॉजी; ती म्हणजे एस-३ पासून फील्डच्या बेरजेच्या ग्रुपकडे जाणारे होमोमॉर्फिझम (क्रिया जपणारी फलने), आणि ते सगळे शून्यच आहेत. मग तळाशी ट्रिव्हिअल, माथ्यावरही ट्रिव्हिअल असलेले हे मॉड्यूल न फुटता राहते कसे? हिशेब दोनदा तपासला आहे. (पावसामुळे नेट धड चालत नाही, उत्तर वाचायला उशीर झाल्यास राग नसावा.)

प्रतिसाद : आपला हिशेब बरोबर आहे, फक्त मधला थर नजरेतून निसटला आहे. प्रतलाला (१, १, १) ने भागल्यावर (१, −१, ०) चा वर्ग उरतो. पहिल्या दोन वस्तूंची अदलाबदल केली की त्याचे चिन्ह पालटते, तर तिघांना फिरवल्यास तो बदलत नाही. म्हणजे थर ट्रिव्हिअल, चिन्ह, ट्रिव्हिअल असे आहेत, आणि दोन ट्रिव्हिअल थर एकमेकांना थेट चिकटलेलेच नाहीत.

३ क्रमाच्या (तिघांना फिरवणाऱ्या ३ घटकांच्या) सबग्रुपच्या कोहोमॉलॉजीचे जनक क्ष (डिग्री १) आणि य (डिग्री २) आहेत. अदलाबदल त्या सबग्रुपमधील प्रत्येक घटकाला व्यस्त करते, म्हणून दोन्ही जनकांचे चिन्ह पालटते. सबग्रुप नॉर्मल असून त्याचा इंडेक्स (६ भागिले ३) २ आहे, आणि २ ला ३ ने भाग जात नाही, त्यामुळे एस-३ ची कोहोमॉलॉजी म्हणजे या क्रियेत न बदलणारे वर्ग. क्ष आणि य दोन्ही गळतात; क्ष·य आणि य² टिकतात. चिन्ह-मॉड्यूल सहगुणक घेतले, की मात्र क्ष टिकतो, आणि आपले थर जोडणारा डिंक तोच.

आणखी एक : हे मॉड्यूल २ क्रमाच्या सबग्रुपच्या ट्रिव्हिअल मॉड्यूलवरून इंड्यूस केलेले (मोठ्या ग्रुपसाठी वाढवलेले) आहे, आणि २ ला ३ ने भाग जात नाही, म्हणून ते प्रोजेक्टिव्ह (मुक्त मॉड्यूलचा सुटा भाग) आहे. कोहोमॉलॉजी मोजण्यासाठी रिझोल्यूशन, म्हणजे ट्रिव्हिअल मॉड्यूलपासून सुरू होणारी प्रोजेक्टिव्ह मॉड्यूलांची साखळी, लिहून पाहावे.

धागाकर्ता : मनःपूर्वक आभार. लिहून पाहिले. पायऱ्या शून्यापासून मोजल्या, तर प्रोजेक्टिव्ह आवरणे (साखळीतील मॉड्यूले) ट्रिव्हिअल, चिन्ह, चिन्ह, ट्रिव्हिअल यांची येतात आणि चौथ्या पायरीपासून तोच क्रम पुन्हा सुरू होतो. त्यामुळे पहिली व दुसरी कोहोमॉलॉजी शून्य, तर तिसरी व चौथी एकमितीय निघते. क्ष·य आणि य² यांच्या डिग्रींशी हे अचूक जुळते. मी पहिल्या डिग्रीतच थांबलो होतो.