मदत हवी आहे: भाऊ गोलकीपर आहे, ट्रायलला सारखा कट होतोय

सुमित_कोल्हापूर
लहान भाऊ फुटबॉलमध्ये गोलकीपर आहे. डाइव्ह मस्त, रिफ्लेक्स जबरदस्त, पेनल्टी तर हमखास अडवतो. तरी क्लबच्या ट्रायलला (निवड चाचणीला) पहिल्याच फेरीत नाव गळतं आणि कोच कारण सांगत नाहीत. पुढच्या महिन्यात परत ट्रायल आहे. त्याला प्रोफेशनलच व्हायचंय. काय कमी पडतंय ते सांगा. लवकर सांगा, वेळ कमी आहे.

मडगावकर
वय किती? उंची? ट्रायल कुठल्या वयोगटाची? आणि मुख्य म्हणजे सध्याच्या टीममध्ये तो खेळतो की बाकावर असतो? यातलं काहीच लिहिलेलं नाही, मग सांगायचं तरी कशावरून?

बारखालचा
उंची आधी सांगा. बाकी सगळं नंतर.

सुमित_कोल्हापूर
१७ वर्षं, ५ फूट १० इंच. पेठेतल्या सीनियर टीममध्ये आहे. वय-उंचीत नका अडकू, काय कमी पडतंय ते विचारलंय.

बारखालचा
मग कारण समोरच आहे. भारताकडून खेळलेला कीपर गुरप्रीतसिंग संधू सहा फूट चारच्या वर आहे. गोल ७.३२ मीटर रुंद, २.४४ मीटर उंच. दोन मुलं सारखीच खेळत असतील तर क्लब उंच मुलालाच घेतो. वेळेत पोझिशन बदला.

मडगावकर
१७ व्या वर्षी पोझिशन बदला? स्वित्झर्लंडचा कीपर यान सोमर १८३ सेंटिमीटरचा आहे आणि युरोपात सर्वोच्च पातळीवर खेळलाय. या मुलाची वाढही अजून संपलेली नसेल. उंची कमी असली तर सुरुवातीची उभं राहायची जागा बिनचूक लागते, एवढाच त्याचा अर्थ.

फर्स्टटच
मेक्सिकोचा कीपर जॉर्ज कॅम्पोस तर जेमतेम पाच फूट सहा होता.

बारखालचा
कॅम्पोसचं नाव दर वेळी येतं. तो नव्वदच्या दशकातला, शिवाय स्ट्रायकर म्हणूनही खेळायचा. त्यावरून आजच्या मुलाचं करिअर ठरवू नका.

कीपरकोच_पुणे
सुमित, तुम्ही डाइव्ह, रिफ्लेक्स, पेनल्टी लिहिलंत. क्रॉसबद्दल (बाजूने गोलसमोर उंच मारलेला बॉल) आणि पायांबद्दल एक शब्द नाही. ट्रायलला कोच नेमकं तेच बघतात.

आधी पाय. बॅकपास (आपल्याच खेळाडूने मुद्दाम पायाने दिलेला बॉल) हातात घ्यायला १९९२ पासून बंदी आहे. २०१९ पासून गोलकिकचा बॉल पेनल्टी एरियातच आपल्या डिफेंडरला देता येतो. त्यामुळे प्रेसिंग होत असताना (समोरचे अंगावर धावून येत असताना) कीपर काय करतो हे पहिल्या दहा मिनिटांत दिसतं. उजव्या पायाने घेऊन डाव्याने पास, डाव्याने घेऊन उजव्याने, दोन टचमध्ये, रोज. नुसता लांब बॉल मारणारा मुलगा तिथेच गळतो.

आता क्रॉस. बॉल साइडलाइनजवळ असताना बहुतेक मुलं जवळच्या पोस्टला चिकटतात. मग बॉल डोक्यावरून जातो आणि ती पाय एकमेकांत अडकवत मागे धावतात. उभं राहायचं गोलच्या मध्यावर किंवा किंचित लांबच्या पोस्टकडे, रेषेपासून दोन-तीन पावलं पुढे, अंग मैदानाकडे वळवलेलं. बॉल पायातून सुटेपर्यंत हलायचं नाही. सुटला की ठरवायचं, आणि निघालो तर थांबायचं नाही. उडी एका पायावर, गर्दीच्या बाजूचा गुडघा वर, बॉल कपाळाच्या पुढे आणि हात पूर्ण ताणलेले असताना पकडायचा. दोन्ही पायांवर उडी मारली की उंची जाते आणि धक्का लागला की तोलही जातो. गर्दी जास्त असेल तर दोन्ही मुठींनी, उंच आणि बाजूला. निघताना ‘कीपर!’ अशी हाक मोठ्याने आलीच पाहिजे.

सराव: आधी दोन्ही बाजूंनी दहा-दहा क्रॉस मोकळे, मग तितकेच समोर तीन मुलं उभी करून. एका दिवशी त्यापुढे नको, गुडघे धरतात.

फर्स्टटच
ग्लोव्ह्ज कुठले आहेत? तिकडच्या कडक मैदानावर तळव्याचं मऊ लॅटेक्स (रबर) काही दिवसांत सोलून निघतं. सरावाला टणक तळव्याची जोडी, मॅचला वेगळी. घालण्याआधी तळवे ओले करायचे. नंतर कोमट पाण्यात धुवायचे, पिळायचे नाहीत, सावलीत वाळवायचे. उन्हात ठेवले की लॅटेक्सला चिरा पडतात.

सुमित_कोल्हापूर
ग्लोव्ह्ज चांगले आहेत. क्रॉसला तो बाहेर येत नाही हे खरं आहे, रेषेवरच थांबतो. पण पेनल्टी अडवतो ते कोणी बघतच नाही का?

कीपरकोच_पुणे
ट्रायलमध्ये पेनल्टी क्वचितच घेतात. आणि किक होताना एक पाय रेषेवर, रेषेच्या सरळ वर हवेत किंवा रेषेच्या मागे हवाच. लोकल मॅचमध्ये पुढे उडी मारून अडवलेली पेनल्टी कडक रेफ्री परत घ्यायला लावतो. व्हिडिओ काढून बघा. आणखी एक: २०२५-२६ पासून कीपरने बॉल हातात आठ सेकंदांपेक्षा जास्त ठेवला तर समोरच्यांना कॉर्नर मिळतो. गावाकडे बॉल कुशीत घेऊन पडून राहायची सवय असते, ती मोडा.

मडगावकर
माझा प्रश्न तसाच राहिला. खेळतो की बाकावर असतो?

सुमित_कोल्हापूर
बाकावर. पहिला कीपर सीनियर आहे. पण टीम मोठी आहे.

मडगावकर
मग मूळ दुखणं हेच. विंगरला (कडेने खेळणाऱ्याला) शेवटची वीस मिनिटं तरी मिळतात. दुसऱ्या नंबरच्या कीपरला पहिला जायबंदी झाल्याशिवाय काही मिळत नाही. क्रॉसचा अंदाज खऱ्या मॅचमध्येच येतो. पुढच्या हंगामात केएसएकडे (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) नोंदणी करताना लहान टीममधून करा, जिथे तो पहिला कीपर असेल. नाव छोटं असलं तरी चालेल.

रेल्वेवाला
आयएसएलच्या (इंडियन सुपर लीग) मागे लागू नका. जुलै २०२५ मध्ये लीगच थांबवली होती, सगळे अधांतरी. संतोष ट्रॉफीपर्यंत (राज्यांच्या टीमची राष्ट्रीय स्पर्धा) पोचवा आणि रेल्वे किंवा पोलिसात लावा. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. प्रमाणपत्रं आत्तापासून जपून ठेवा.

कीपरकोच_पुणे
नोकरीचा मार्ग चांगलाच आहे, पण १७ व्या वर्षी तोच एक मार्ग का धरायचा? कीपर उशिरा पिकतो. गोव्याचा लक्ष्मीकांत कट्टीमणी ३२ वर्षांचा होता तेव्हा २०२२ च्या आयएसएल फायनलच्या शूटआउटमध्ये त्याने तीन पेनल्टी अडवल्या आणि हैदराबाद जिंकलं. शिवाय क्लब परदेशी खेळाडूंच्या जागा बहुधा स्ट्रायकर-डिफेंडरवर खर्च करतात, त्यामुळे गोलमध्ये भारतीय मुलगाच असतो. अडचण एकच, मैदानावर जागा एकच.

बारखालचा
त्या एका जागेसाठी उंच मुलगाच घेणार. मी माझ्या मतावर ठाम आहे.

स्वाती_ठाणे
ट्रायलचे पैसे मागतायत का? क्लबच्या अधिकृत पानावर त्या ट्रायलची घोषणा आहे का ते आधी बघा. आणि फेडरेशनच्या सीआरएसमध्ये (खेळाडू नोंदणीची ऑनलाइन यंत्रणा) त्याची नोंद आहे का? जन्मदाखला आणि आधारवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे, नाहीतर निवड होऊनही नोंदणी अडकते.

सुमित_कोल्हापूर
पैसे मागितलेत. घोषणा कुठे दिसत नाही. आधार आणि दाखल्यावर आडनाव वेगळं लिहिलंय.

स्वाती_ठाणे
मग आज पैसे भरू नका. क्लबला थेट ईमेल करून विचारा. आडनाव उद्याच दुरुस्तीला टाका, त्याला वेळ लागतो.